नाद सोडू नका, सामान आपल्याजवळ ठेवा

नमस्कार,

नवीन अ‍ॅप आलंय म्हटलं की मला राहवत नाही. बीटा असो, अर्धवट असो, वेटिंग लिस्ट असो, मी नाव नोंदवून मोकळा होतो. मित्रमंडळीत ‘याला विचारा’ अशी माझी ख्याती आहे आणि खरं सांगायचं तर ती मला आवडतेही. पण सध्या घोडं अडलंय. लेख साठवायला मी वर्षानुवर्षं एक ‘नंतर वाचू’ प्रकारचं अ‍ॅप वापरत होतो. ते बंद झालं. मुदत संपायच्या आदल्या रात्री कशीबशी फाईल उतरवून घेतली. परवा उघडली तर आत एकही लेख नाही. नुसत्या लिंका, आणि तारखेच्या जागी १५०००००००० असले दहा-दहा आकडे. फाईल खराब आहे का? नोट्स चार अ‍ॅपांत विखुरल्यात, कुठली कुठे आहे ते मलाच आठवत नाही. दर महिन्याला कसल्या ना कसल्या सबस्क्रिप्शनचे पैसे कापले जातात. घरच्यांना तर मी इतक्यांदा मेसेजिंग अ‍ॅप बदलायला लावलंय की बहीण म्हणाली, ‘दादा, यापुढे तुला काही नवीन सापडलं तर कृपा करून आम्हाला सांगू नकोस.’ आता वाटतं, सगळं एकाच मोठ्या कंपनीकडे सोपवावं आणि निवांत बसावं. ती तरी बुडणार नाही. की हा नादच सोडून देऊ?

– एक अ‍ॅपवेडा

ता. क. तुम्ही स्वतः नोट्ससाठी काय वापरता?

*

अहो अ‍ॅपवेडे,

फाईल ठणठणीत आहे. ते दहा आकडे म्हणजे तुम्ही लेख साठवलात ती वेळच आहे, फक्त संगणकाच्या भाषेत. १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून किती सेकंद उलटले, हे मोजायची युनिक्स या जुन्या संगणक-प्रणालीची रीत आहे आणि अजूनही निम्मं जग तीच वापरतं. तुम्ही लिहिलेला १५०००००००० हा आकडा म्हणजे १४ जुलै २०१७, पहाटेचे २ वाजून ४० मिनिटं, यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे. स्प्रेडशीटमध्ये त्या आकड्याला ८६,४०० ने भागा, त्यात १ जानेवारी १९७० ही तारीख मिळवा आणि रकान्याला तारखेचा फॉरमॅट द्या. सगळ्या तारखा रांगेत उभ्या राहतील.

आता लेख का नाहीत ते. अ‍ॅपमध्ये जाहिराती गाळलेला जो स्वच्छ लेख दिसायचा, तो कंपनीच्या सर्व्हरवर तयार होऊन तुमच्या फोनवर यायचा. जाताना कंपनीने तुमच्या हातात ठेवली ती तुमची यादी: शीर्षक, पत्ता, वेळ, टॅग. दुसऱ्या कुणाच्या लेखाचा अख्खा मजकूर वाटायचा हक्क बहुतेकदा तिलाही नसतो, त्यामुळे एवढ्यापुरता तिला दोष देता येणार नाही. यादीतल्या बऱ्याच लिंका मेलेल्या निघतील. अशा वेळी तो पत्ता इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये टाकून पाहा. ही ना-नफा संस्था १९९६ पासून वेबपानांच्या प्रती साठवते आहे आणि २००१ पासून त्या कुणालाही चाळता येतात. प्रत्येक पान सापडेलच असं नाही, पण पुष्कळदा सापडतं.

एक मोह मात्र टाळा. ही फाईल तशीच्या तशी पुढच्या अ‍ॅपात ओतायची सोय बऱ्याच ठिकाणी आहे आणि तुमचा हात तिकडे जाणार, हे मला इथे बसून दिसतंय. ओतू नका. फाईल जेमतेम एखाद-दोन एमबीची असेल, ती जपून ठेवा. सवडीने खाली-वर करा, ज्या शीर्षकापाशी बोट थांबेल तेवढेच लेख उघडा, आणि खरोखर हवे असतील ते पीडीएफ किंवा साध्या मजकुराच्या रूपात आपल्याकडे उतरवून घ्या. उरलेले तुम्ही वाचणार नाही आहात. (साठवण्याचा आनंद निराळा आणि वाचण्याचा निराळा. पहिला कमी प्रतीचा आहे असं मी म्हणणार नाही, पण त्याच्यासाठी महिन्याचे पैसे भरू नयेत.)

नाद सोडू का, असं विचारलंत. का सोडायचा? नवीन सॉफ्टवेअर उघडून बघण्यात मजा आहे, आणि तुमच्यासारखे लोक पहिल्या आठवड्यात बग कळवतात म्हणून आम्हा बाकीच्यांना सहा महिन्यांनी बरं काहीतरी मिळतं. तुमच्या पत्रात जे जे बिघडलंय त्यातलं काहीच अ‍ॅप करून बघण्याने बिघडलेलं नाही. पाहुणा म्हणून डोकवायचं तिथे तुम्ही पहिल्याच दिवशी ट्रंका-वळकट्या घेऊन राहायला गेलात, मेख तिथे आहे. वर कधी घरच्यांनाही सोबत नेलंत.

आता त्या मोठ्या कंपनीच्या आसऱ्याबद्दल. ‘ती तरी बुडणार नाही’ हे खरंच आहे. पण कंपनी न बुडताही तुमचं अ‍ॅप बुडतं, आणि याचे दाखले हवे तेवढे आहेत. गूगल रीडर २००५ मध्ये आलं. वेगवेगळ्या साइट्सवरचं नवं लिखाण एका जागी वाचायची ती सोय होती आणि तिच्यावर जीव टाकणारे लोक होते. १ जुलै २०१३ ला ती बंद झाली, तेव्हा गूगलला पैशांची चणचण होती असं कुणी म्हणणार नाही. वापर घटतोय, एवढंच कारण पुरलं. छोट्या कंपनीला जे गिऱ्हाईक लाखमोलाचं, ते मोठ्या कंपनीच्या हिशोबात दशांशचिन्हानंतर येतं. तेव्हा आकार बघून निवांत बसायचं असेल, तर जरा जपून.

छोट्यांचं मरण बहुतेकदा लग्नात असतं. वंडरलिस्ट हे कामांच्या याद्यांचं देखणं अ‍ॅप बर्लिनमधल्या एका छोट्या कंपनीचं. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये कंपनी विकत घेतली, आणि ६ मे २०२० ला वंडरलिस्ट बंद करून लोकांना स्वतःच्या टू-डू अ‍ॅपकडे वळवलं. पॉकेट हे तुमच्याच ‘नंतर वाचू’ जातीचं. २००७ मध्ये सुरू झालं, २०१७ मध्ये फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाने घेतलं, ८ जुलै २०२५ ला बंद. गंमत म्हणजे मोझिला ना-नफा संस्थेच्या मालकीची आहे, म्हणजे ‘लोभी भांडवलदारांनी मारलं’ असंही म्हणायची सोय नाही. डिलिशस ही लिंका साठवायची सेवा २००३ ची. याहूने २००५ मध्ये घेतली, २०११ मध्ये विकली, मग ती या हातातून त्या हातात जात राहिली आणि अखेर २०१७ मध्ये पिनबोर्डने विकत घेतली. पिनबोर्ड म्हणजे तिचीच प्रतिस्पर्धी सेवा, एक माणूस चालवतो आणि पहिल्यापासून पैसे घेऊन चालवतो. ज्याच्याकडे गुंतवणूकदार नव्हते तो टिकला आणि ज्याच्यावर पैशांचा पाऊस पडला तो लिलावात निघाला. यावरून लगेच नियम काढू नका, पैसे घेणाऱ्या सेवाही बंद पडतातच. पण हे अ‍ॅप नेमकं कुणाच्या पैशांवर चालतंय, एवढा प्रश्न साइन-अप करण्याआधी विचारायची सवय लावली तर पुढचं बरंच आधी दिसायला लागतं.

म्हणून माझा एक ठोकताळा सांगतो. आवडत्या अ‍ॅपच्या कंपनीकडून ‘आम्हाला कळवायला अतिशय आनंद होतो की’ अशी सुरुवात असलेली ईमेल आली, आणि पुढे दुसऱ्या कंपनीत सामील झाल्याची बातमी असली, की त्याच आठवड्यात सगळा डेटा एक्सपोर्ट करायचा. पळून जायची गरज नाही. सेवा पुढे पाच वर्षं झकास चालूही शकते. पण एक्सपोर्टचं बटण जिवंत आहे आणि सर्व्हरवर शेवटच्या दिवसाची झुंबड नाही, तोवर ते काम उरकून टाकायचं. तुम्ही ते आदल्या रात्री केलंत.

बंद पडणं हा तर सगळ्यात ठळक प्रकार झाला. अधिक वेळा होतं ते असं, की अ‍ॅप जागच्या जागी राहतं आणि पायाखालची अटींची सतरंजी हळूच सरकते. गूगल फोटोज २०१५ मध्ये आलं तेव्हा ‘उच्च दर्जा’च्या फोटोंना अमर्याद जागा फुकट होती. १ जून २०२१ पासून नवे फोटो १५ जीबीच्या सामाईक कोट्यात मोजायला सुरुवात झाली. फोटो ठेवायच्या फ्लिकर या सेवेने २०१३ मध्ये प्रत्येकाला फुकट १ टेराबाइट दिलं. २०१८ मध्ये मालक बदलला आणि त्याच वर्षी फुकट खात्यांना १,००० फोटोंची मर्यादा जाहीर झाली. एव्हरनोट या नोट्सच्या सेवेची मालकी २०२३ च्या सुरुवातीला बेंडिंग स्पून्स या इटालियन कंपनीकडे गेली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस फुकट योजना ५० नोट्स आणि एका नोटबुकवर आली. ज्याच्याकडे हजारो नोट्स होत्या त्याला जुन्या नोट्स वाचता येत होत्या, नवी लिहायची तर पैसे.

यात मला तरी कुणी खलनायक दिसत नाही. सर्व्हरचं भाडं दर महिन्याला भरावं लागतं, डिस्क बदलाव्या लागतात, रात्री-अपरात्री कुणीतरी जागं असावं लागतं. फुकट म्हणजे दुसरं कुणीतरी पैसे भरतंय. ते कुणीतरी कधी जाहिरातदार असतं, कधी गुंतवणूकदार, आणि गुंतवणूकदाराला एक दिवस पैसे परत हवे असतात. राग यायचाच तर तो ‘अमर्याद’ आणि ‘कायमचं’ हे शब्द छापताना कुणाचीच बोटं अडखळत नाहीत, याचा यावा.

एका मोठ्या कंपनीकडे सगळं सोपवण्यात आणखी एक धोका आहे. ईमेल, फोटो, कागदपत्रं, फोनचा बॅकअप आणि निम्म्या जगाचं लॉगिन, सगळं एकाच खात्याच्या किल्लीला टांगलेलं राहतं. खातं कुठल्याशा स्वयंचलित तपासणीत अडकलं तर दाद मागायला माणूस भेटेल याची खात्री नसते. पासवर्ड हरवला तरी तीच गत. सगळं एकीकडे ठेवायला माझी हरकत नाही, सोय मोठी आहे. फक्त एक प्रत त्या खात्याच्या बाहेर हवी. गूगलचं टेकआउट २०११ पासून आहे आणि तिथून ईमेल, फोटो, कॅलेंडर सगळं उतरवता येतं. वर्षातून दोनदा ते करायला पुरेसा वेळ तुमच्याकडे आहे, कारण तेवढ्या वेळात तुम्ही दोन लाँचर आणि एक कीबोर्ड बदलता.

आता मुख्य गोष्ट. नवीन अ‍ॅप बघताना तुम्ही आत शिरायची वाट तपासता: रंगरूप, शॉर्टकट, डार्क मोड. यापुढे आधी बाहेर पडायची वाट तपासा. पद्धत सोपी आहे. नव्या नोट्स अ‍ॅपात दहाच नोट्स टाका. एकीत फोटो घाला, एकीत तक्ता, एकीला पीडीएफ जोडा, एकीचं शीर्षक मराठीत ठेवा आणि एकीत दुसऱ्या नोटची लिंक द्या. मग एक्सपोर्ट करा आणि ती फाईल त्या अ‍ॅपात न उघडता भलत्याच प्रोग्रॅममध्ये उघडा.

काय काय निघेल सांगतो. मराठी शीर्षकाच्या फाईलचं नाव नुसत्या अधोरेषांची रांग होऊन बसलेलं असेल. तक्ता एका ओळीत गोळा झालेला असेल. फोटो दिसेल, तुम्ही खूश व्हाल. इथेच फसाल. इंटरनेट बंद करून तीच फाईल परत उघडा. फोटो गायब झाला तर समजा, की फाईलमध्ये फोटो कधी नव्हताच, कंपनीच्या सर्व्हरवरच्या फोटोचा पत्ता होता. सर्व्हर बंद पडेल त्या दिवशी तुमच्या ‘बॅकअप’मध्ये चौकटी उरतील. इंटरनेट बंद करून उघडणं ही परीक्षा मी प्रत्येक अ‍ॅपला लावतो आणि भलीभली देखणी अ‍ॅपं तिच्यात गटांगळ्या खातात.

सीएसव्ही (म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेला साधा मजकूर) फाईल असेल तर आणखी एक घोळ ठरलेला. एक्सेलमध्ये डबल-क्लिक करून उघडली की मराठीच्या जागी आडव्यातिडव्या चिन्हांचा कचरा दिसतो आणि माणूस हाय खातो. डेटा शाबूत असतो. फाईल यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत आहे हे एक्सेलला कळलेलं नसतं, एवढंच. रिकामं वर्कबुक उघडा, डेटा मेनूतून मजकूर-फाईल आयात करा आणि एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा. तोवर ती फाईल सेव्ह मात्र करू नका, नाहीतर तो कचरा खरोखरच कायमचा होईल.

मराठी लिहिणाऱ्यांना खरं तर हा धडा वेगळा शिकवायला नको. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिपींतल्या अक्षरांना ठरलेले क्रमांक देणारी पद्धत, रुळायच्या आधी ज्यांनी कुठल्या तरी खास फॉन्टमध्ये पानंच्या पानं टाइप केली, त्यांच्या त्या फायली आज फॉन्टाशिवाय उघडून बघा. फाईल आहे, अक्षरं आहेत, वाचता मात्र काही येत नाही. याउलट युनिकोड साठवायची यूटीएफ-८ ही रचना केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये आखली आणि तेव्हाच्या पद्धतीने लिहिलेली साधी मजकूर-फाईल आजचा कुठलाही फोन बिनतक्रार उघडतो. तिच्यावरच ठळक, शीर्षक, यादी अशा खुणा करायची मार्कडाउन नावाची रीत २००४ ची, तीही साध्या मजकुरातच बसते. म्हणून चार अ‍ॅपांत विखुरलेल्या नोट्सचं उत्तर पाचवं अ‍ॅप हे नाही. चारही ठिकाणांहून मार्कडाउन किंवा साधा मजकूर बाहेर काढा, एका फोल्डरात टाका आणि संगणकाच्या शोधालाच हुडकू द्या. वर्गवारी, टॅग, रंग यांच्या भानगडीत पहिला महिना तरी पडू नका. तुम्हाला ते जमणार नाही, पण सांगणं माझं काम.

जाता जाता सिंकबद्दल. सिंक म्हणजे बॅकअप, हा समज डोक्यातून काढा. फोनवर चुकून खोडलेली नोट सिंक इमानेइतबारे लॅपटॉपवरूनही खोडतं. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम अजून कुणी मोडीत काढलेला नाही: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. घराबाहेरची प्रत क्लाउडवर चालेल. फार मोठ्या कंपनीचीही कशी फजिती होते बघायचं असेल तर मायस्पेस या एकेकाळच्या सोशल नेटवर्ककडे बघा. सर्व्हर बदलण्याच्या गडबडीत २०१५ पर्यंतच्या बारा वर्षांत लोकांनी चढवलेलं संगीत गेलं, आणि हे २०१९ मध्ये जगजाहीर झालं. ज्यांची मूळ प्रत घरी नव्हती त्यांची गाणी तिथेच संपली.

सबस्क्रिप्शनचं प्रकरण मात्र पटकन मिटण्यासारखं आहे. फोनच्या अ‍ॅप स्टोअरमध्ये सबस्क्रिप्शनचं पान असतं, ते आज उघडा. मग बँकेचं किंवा कार्डाचं स्टेटमेंट घ्या, कारण वेबसाइटवरून थेट घेतलेली सबस्क्रिप्शन त्या पानावर दिसत नाहीत. प्रत्येकापुढे एकच प्रश्न: नोटिफिकेशन न येता मी हे मागच्या महिन्यात आपणहून उघडलं का? नसेल तर रद्द. अ‍ॅप फोनवरून काढून टाकलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद झालं, असं समजणारे लोक अजून पुष्कळ आहेत आणि त्यांच्या जिवावर बऱ्याच कंपन्यांचे ताळेबंद छान दिसतात. फुकट चाचणी घेतलीत तर घेतल्या मिनिटाला रद्द करून टाका. बहुतेक ठिकाणी मुदत संपेपर्यंत ती चालूच राहते.

रद्द करायचं बटण सापडत नसेल तर तुमचे डोळे अधू झालेत असं समजू नका. ते लपवण्यात हुशार लोकांची डोकी लागलेली असतात. हॅरी ब्रिग्नल या डिझायनरने २०१० पासून अशा लबाड्यांची जंत्रीच ठेवली. अ‍ॅमेझॉन प्राइम रद्द करायच्या लांबलचक वाटेला कंपनीत आतल्या आत एका प्राचीन ग्रीक महाकाव्याचं नाव दिलेलं होतं, असं अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित बघणाऱ्या सरकारी संस्थेने २०२३ च्या आपल्या दाव्यात लिहिलं. २०२५ मध्ये अ‍ॅमेझॉनने तो दावा २.५ अब्ज डॉलरवर मिटवला. निदान नाव ठेवणाऱ्याला स्वतःच्या कामाची कल्पना होती.

आता बहीण. इथे मी सावकाश बोलणार आहे, कारण बाकीचं सगळं निस्तरता येतं.

नोट्सचं अ‍ॅप बदललं तर भोगणारे तुम्ही एकटे. मेसेजिंग अ‍ॅपचं तसं नाही. त्यात फीचर दुय्यम, त्यावर कोण कोण आहे हीच त्याची किंमत, आणि माणसं एक्सपोर्ट होत नाहीत. तुम्ही प्रत्येक वेळी सांगितलेलं कारण कदाचित रास्तही असेल: एन्क्रिप्शन, गोपनीयता, डेटा कुणाकडे जातो वगैरे. पण समोरच्याच्या बाजूने बघा. नवं अ‍ॅप उतरवा, नंबर पडताळा, परवानग्या द्या, कुठलं बटण कुठे आहे ते शिका, जुन्या गप्पा आणि फोटो मागे सोडा, आणि एवढं करून दोन महिन्यांनी तुमच्याकडून कळतं की आता आणखी चांगलं काहीतरी आलंय. बहीण अ‍ॅपवर चिडलेली नाही. आपलं घर ही दादाची प्रयोगशाळा झाली, याचा तिला वैताग आलाय. तिचं बरोबर आहे.

तिला फोन करा आणि म्हणा, ‘यापुढे तुम्हा सगळ्यांच्या फोनमधलं काही मी बदलणार नाही. तुम्ही सांगितलंत तरच.’ आणि शब्द पाळा. घरच्यांचं अ‍ॅप बदलायचं ते दोनच कारणांनी: आहे ते बंद पडतंय, किंवा खरोखर धोका आहे. स्काइप ५ मे २०२५ ला बंद झालं तेव्हा अनेक घरांत हा प्रसंग आलाच असेल. अशा वेळी सगळी उस्तवार तुम्ही करायची. प्रत्येकाच्या शेजारी बसून, त्यांच्या गतीने, आणि ‘इतकं सोपं तर आहे’ हे वाक्य एकदाही न उच्चारता. जुनं चालू असेल तोवर तेही राहू द्यायचं.

तुमचा नाद घरच्यांच्या खरा उपयोगी पडेल ती कामं दिसायला अगदी कंटाळवाणी आहेत. बहिणीच्या फोनचा फोटो-बॅकअप चालू आहे का बघा. ‘चालू’ लिहिलेलं पुरेसं नाही, त्यातून एक जुना फोटो प्रत्यक्ष परत आणून दाखवा. आई-वडिलांच्या खात्यांचे रिकव्हरी नंबर तपासा. कित्येकदा तिथे सोडून दिलेला जुना नंबर पडलेला असतो आणि ते ऐनवेळी कळतं. दोन-टप्पी लॉगिनचे राखीव कोड कागदावर लिहून घरात ठेवा. आपल्या पश्चात खात्यांचं काय, हेही एकदा ठरवा. गूगलमध्ये इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर २०१३ पासून आहे, अ‍ॅपलने २०२१ मध्ये लेगसी काँटॅक्टची सोय दिली. दोन्ही सेटिंग दहा मिनिटांची आहेत आणि फारच थोडे लोक ती करतात. विषय निघाला की घरात जरा शांतता पसरते, म्हणून पुढे ढकललं जातं. सुरुवात स्वतःच्या खात्यापासून करा, म्हणजे कुणाला वावगं वाटणार नाही. आणखी एक: घरात कुणाचं जुनं, पडून असलेलं गूगल खातं असेल तर त्यात लॉगिन करून ठेवा. दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती खोडायचं धोरण २०२३ पासून लागू आहे.

राहता राहिला ताजा कलम. माझ्याकडे साध्या मजकूर-फायलींचा एक फोल्डर आहे. फोनवर आणि लॅपटॉपवर तो वेगवेगळ्या अ‍ॅपांतून उघडतो, आणि ती अ‍ॅपं मीही अधूनमधून बदलतो, हौसेला मोल नसतं. सध्या लॅपटॉपवर ऑब्सिडियन आहे, कारण ते स्वतःच्या डेटाबेसात काही न कोंबता त्या फोल्डरातल्या मार्कडाउन फायलीच दाखवतं. उद्या ते आवडेनासं झालं तर दुसऱ्या अ‍ॅपला तोच फोल्डर दाखवीन. तुम्ही तेच घ्या असं नाही. जॉप्लिनही बघा, त्याचा सोर्स खुला आहे, पण नोट्स ते आपल्या डेटाबेसात ठेवतं, त्यामुळे एक्सपोर्ट अधूनमधून करावं लागेल. दोन्हींना ती दहा नोट्सची परीक्षा लावा, आणि मराठी शीर्षकाचं काय होतं ते मला कळवा.